अठराला अठराच

पाठाच्या मॅडम वर्गात शिरल्या की त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची आधी भिंतीकडे सरकवायच्या. शाळेने ती मुद्दाम मुख्याध्यापकांच्या खोलीतून आणवलेली असायची, कधी तिच्या पाठीवर धुतलेला टॉवेलही असायचा. मॅडम मात्र बाकांच्या रांगेतून तिरक्या चालत शेवटच्या बाकाशी जायच्या, तिथल्या दोन मुलांना सरकायला लावायच्या आणि त्यांच्या मधोमध बसायच्या. त्यांची उंची पाच फूट सात इंच आणि बाक तिसरीतल्या मुलांचा. त्यामुळे गुडघे पुढच्या बाकाला लागायचे आणि निरीक्षणाची वही मांडीवर तिरकी धरावी लागायची. पुढे कंबर धरू लागली तरी त्यांनी जागा बदलली नाही. मी एकदा म्हणालो की खुर्चीवरूनही पाठ दिसतोच की. त्यावर म्हणाल्या, "पुढून शिक्षक दिसतो, भाऊसाहेब. मागून वर्ग दिसतो."

भाऊसाहेब म्हणजे मी. मुलुंड पूर्वेला एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे अध्यापक विद्यालय होते. बारावीनंतर दोन वर्षे शिकून प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका तिथे मिळायची. मी तिथला लिपिक. चौदा वर्षे काढली, त्यांतली अकरा मॅडमबरोबर. मॅडम गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्याविषयी कुणी काही लिहील असे वाटले नाही, म्हणून मी लिहितो आहे.

शिक्षक कसा तयार होतो, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. दोन वर्षांत पेपर असतात, तसे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर घ्यायचे पाठही असतात. प्रत्येक पाठाचे आधी टाचण लिहायचे, ते तपासून घ्यायचे, मग वर्गावर जायचे. विद्यालयातला एक प्राध्यापक मागे किंवा कोपऱ्यात बसून पाठ बघतो, शेरा लिहितो, गुण देतो आणि सही करतो. पदविकेनंतर पात्रता परीक्षा, तिच्यानंतर भरतीची आणखी एक परीक्षा, मग सरकारी भरतीचे पोर्टल आणि पोर्टलनंतर वाट बघणे. एवढ्या सगळ्या चाळण्यांत हा माणूस मुलांसमोर उभा राहून काय करतो, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितले जाते ते फक्त पाठाच्या वेळी. बाकी सगळीकडे कागदच कागदाला तपासतो. त्या सहीची जागा माझ्या रजिस्टरात अडीच सेंटिमीटर रुंद होती. मीच ती पट्टीने आखायचो.

इतरांचे शेरे मला पाठ झाले होते. 'आवाज सुस्पष्ट. फलकलेखन नेटके. वर्गनियंत्रण समाधानकारक.' एका सरांनी तर एका वर्षी चाळीस पाठांना हाच शेरा दिला. मी मोजले होते. मॅडमची रीत निराळी. पाठ संपला की शेजारच्या मुलाला त्या हळूच विचारायच्या, "काय झालं रे आज?" आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत शेऱ्याच्या रकान्यात लिहायच्या. आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या वहीत शेरा होता, 'टीचर फळ्याशी बोलत होत्या.' एका मुलाच्या वहीत, 'सर चांगले आहेत, पण त्यांना घरी जायचं होतं.' ती मुले वही बंद करून माझ्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, भाऊसाहेब, हा काय शेरा झाला का. मी म्हणायचो की रकान्यात मजकूर आहे आणि खाली सही आहे. माझ्या लेखी शेरा झाला.

टाचणात एक रकाना मुलांच्या अपेक्षित उत्तरांचाही असतो. आपण काय विचारणार आणि मूल काय उत्तर देणार, हे आदल्या दिवशीच लिहायचे. आमच्याकडचा एक मुलगा, कणकवलीकडचा, राहायला कांजूरमार्गला. याने वार्षिक पाठाच्या आधी चौथीच्या वर्गाकडून ती उत्तरे ओळीने पाठ करून घेतली. पाठाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक बघून तो गडबडला आणि दुसरा प्रश्न विसरून थेट तिसऱ्यावर गेला. मुले मात्र ओळ सोडायला तयार नव्हती. याने विचारले, आपल्या राज्याच्या पश्चिमेला काय आहे? वर्ग एका सुरात म्हणाला, नारळ. याने विचारले, राज्याची राजधानी कोणती? वर्ग म्हणाला, अरबी समुद्र. परीक्षकांनी रुमाल तोंडाला लावला. पोरगा बाहेर येऊन रडवेला झाला. "मॅडम, पोरांनी माका बुडवल्यानी." मॅडम म्हणाल्या, "पोरांना कशाला बोल लावतोस? तू जे शिकवलंस ते त्यांनी चोख म्हटलं." आणि दुसऱ्या आठवड्यात हातात टाचण न देता त्यांनी त्याच्याकडून तोच पाठ त्याच वर्गावर पुन्हा घेतला. पहिल्या पाठाचे गुण त्यांनी तसेच ठेवले, एकानेही वाढवले नाहीत.

त्यांच्या या करडेपणाचे मूळ मला एकदा कळले. मॅडमचे वडील जालन्याकडून आलेले, महापालिकेत सफाई कामगार. देवनारच्या वसाहतीत सहा भावंडे वाढली. जेवणाच्या सुट्टीत मी हजेरीपत्रकाची बेरीज करत होतो आणि त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, "चौथीत मी दोन महिने काविळीने घरात पडून होते. आणि हजेरीत रोज हजर. कुणी चौकशीलाही आलं नाही. येणार कसे? कागदावर मी वर्गातच होते ना." एवढे बोलून त्यांनी डब्याचे झाकण लावले. 

विद्यालयाची वाट लागत होती ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. मी लागलो तेव्हा वर्गात पन्नास मुले होती. मग बत्तीस, मग एकोणीस आणि शेवटच्या तुकडीत दहा. भरती वर्षानुवर्षे नाही, म्हटल्यावर कोण येणार? पालक विचारायचे, नोकरीची गॅरंटी काय? प्राचार्य घसा साफ करायचे. मॅडम सरळ सांगायच्या, "तिला शिकवता येईल याची गॅरंटी मी घेते. नोकरीचं सरकारला विचारा." त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत संस्थेचे सचिव त्यांना ऑफिसात बसू द्यायचे नाहीत.

जागा रिकाम्या पडू लागल्या तशी संस्थेने एक वाट काढली. नाव नोंदवा, नोकरी सांभाळा, परीक्षेला तेवढे या, बाकी आम्ही बघतो. असे कुठे कुठे चालायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. आमच्याकडेही शेवटच्या तुकडीतल्या दहांपैकी तिघे असे होते. पेपर द्यायला यायचे, पण वर्षभरात एकही पाठ घेतलेला नव्हता. नियमाने प्रत्येकी वीस पाठ हवे होते. एप्रिलमध्ये गुणांची फाईल वरच्या कार्यालयात जायची वेळ आली तेव्हा सचिवांनी मॅडमना बोलावून तिघांच्या कोऱ्या वह्या पुढे ठेवल्या. मी रजिस्टर घेऊन उभा होतो. सचिव शांतपणे म्हणाले की बाकीच्या सात जणांची फाईल या एका सहीसाठी अडली आहे, त्या मुलांचा तरी विचार करा. मॅडम म्हणाल्या, "फाईल मी अडवलेली नाही. हे तिघे शाळेत आलेले नाहीत, एवढंच झालंय." मग माझ्याकडे वळून विचारले, शाळेचे किती दिवस उरलेत? मी सांगितले, दहा. तिघांचे साठ पाठ, म्हणजे दिवसाला सहा. "मग बसतंय की," मॅडम म्हणाल्या. "बोलवा त्यांना."

कांजूरमार्गच्या महापालिकेच्या शाळेने परवानगी दिली. शाळा दोन सत्रांत भरायची. तिघांपैकी एकाने फोनच उचलला नाही. मी सात वेळा लावला. दुसरा राकेश, मुलुंडलाच मोबाईलच्या दुकानात होता. तो आला तो गॉगल डोक्यावर चढवून, आणि पहिल्याच दिवशी दुसरीच्या मुलांनी त्याला असे काही नाचवले की गॉगल खिशात गेला. पाच दिवसांत त्याने वीस पाठ केले, घसा पार बसला. त्याच्या वहीत शेवटच्या पाठाला मुलाचा शेरा होता, 'सरांचा आवाज गेला, पण समजलं.' जाताना तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, मॅडम डेंजर आहेत यार." पण ते कौतुकाने म्हणाला.

तिसरी सुप्रिया. तिची गोष्ट वेगळी होती. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण शिकणारी. ही सकाळी घाटकोपरला एका बालवाडीत काम करायची, म्हणून कॉलेजला येऊ शकत नव्हती. आता ती दुपारच्या सत्राला धावत यायची. मॅडमचा एक नियम होता, एका सत्रात एकाचे दोनच पाठ. "तिसऱ्या पाठाला माणूस शिकवत नाही, उरकतो." राकेश दोन्ही सत्रांना यायचा, म्हणून त्याचे रोज चार व्हायचे. सुप्रियाचे दोन. दहा दिवसांत बरोबर वीस, एकही दिवस शिल्लक नाही. पोरगी मनापासून शिकवायची. घरून चिंचोके, बाटल्यांची झाकणे आणायची. मुले तिच्याभोवती गोळा व्हायची. मी रोज संध्याकाळी रजिस्टरात आकडा घालायचो. चौदा, सोळा.

नवव्या दिवशी चार वाजता शाळेत पत्र आले. निवडणूक होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेचे वर्ग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ताब्यात घेतले होते आणि मुलांना सुट्टी दिली होती. सुप्रियाचे त्या दिवसाचे दोन पाठ नुकतेच संपले होते. अठरा. शाळा सुटायला अजून दोन तासिका होत्या आणि तिची पुढची दोन टाचणे तयार होती. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हणालो की आजच चार होऊ द्या. सुप्रिया दारातच उभी होती. मॅडमनी वर्गाकडे बघितले. मुले पेंगुळलेली होती, एक तर बाकावर डोके टेकून झोपला होता. तिच्याकडे बघितले. ती सकाळी सातपासून उभी होती. "नाही," त्या म्हणाल्या.

मी इथे सरळ लिहितो. माझ्या मते त्या दिवशी मॅडम चुकल्या. नियम त्यांचा स्वतःचा होता, सरकारचा नव्हता. मोडला असता तर कुणाचे काही बिघडले नसते. मी हे त्यांना शाळेच्या जिन्यातच सांगितले. त्या म्हणाल्या, "असेल."

सुप्रिया मात्र एवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, बालवाडीतून अर्धी रजा टाकून. मॅडम फाईल भरत होत्या. सुप्रियाने आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून टाकला. "मॅडम, राकेशने वर्षभर तोंड दाखवलं नाही, त्याचे वीस. मी रोज धावत आले, माझे अठरा. शाळा मी बंद केली का? दोन पाठ लिहिले असते तर काय झालं असतं? तुमच्या हातात होतं. माझं एक वर्ष जाईल. आमच्या घरात वर्ष म्हणजे काय, ते तुम्हाला तरी माहीत असायला हवं."

मॅडमनी पेन खाली ठेवले. "माहीत आहे गं. तू अठरा पाठ घेतलेस ते खरे आहेत, मी मागे बसून बघितलेत. मी वीस लिहिले की ते अठराही खोटे होतील. मग तुझ्यात आणि जो आलाच नाही त्याच्यात कागदावर फरक काय राहील?"

"मला फरक नकोय, पास व्हायचंय," सुप्रिया म्हणाली आणि निघून गेली.  

मग मॅडमनी पेन उचलून लिहिले. जो आला नव्हता त्याच्यापुढे शून्य. राकेशपुढे वीस. सुप्रियापुढे अठरा आणि शेऱ्यात असे की दहाव्या दिवशी शाळा शासनाने निवडणुकीच्या कामासाठी घेतल्यामुळे दोन पाठ बाकी आहेत. छात्राध्यापिका हजर होती, मी हजर होते, वर्ग नव्हता. वर्ग द्यावा, पाठ घेऊ. खाली पूर्ण सही. मी म्हणालो, मॅडम, वरच्या कार्यालयाला असे कुणी लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणून तर त्यांना कळत नाही."

सचिवांना सगळ्यात जास्त लागले ते शून्य. त्या विद्यार्थ्याला त्यांनी स्वतः शब्द दिला होता. ते म्हणाले की गुणांचा रकाना निदान कोरा ठेवायचा, शून्य कशाला टाकलंत? मॅडम म्हणाल्या, "शून्य हेसुद्धा गुणच आहेत, सर. त्याने मिळवलेत." सचिव हसले नाहीत. मॅडमची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. त्या वर्षी तिचे पत्र निघाले नाही. आज वाईट वाटते की आम्ही कुणीही त्यावर चकार शब्द काढला नाही. प्राचार्यांनी नाही आणि मीही नाही. माझ्या मुलीची त्या वर्षी बारावी होती, सोसायटीच्या दुरुस्तीचे हप्ते चालू होते. ही कारणे खरी आहेत आणि तरीही पुरेशी नाहीत.

शेवटच्या दिवशी मॅडमनी कपाटाच्या दोन किल्ल्या, अकरा निरीक्षण वह्या आणि खडूंची अर्धी पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. मी लिहून दिली. त्यांनी ती वाचली, 'अर्धी पेटी' खोडून 'सदतीस खडू' लिहायला लावले आणि पर्समध्ये टाकून निघाल्या. जिना उतरताना त्यांनी मागे वळून बघितले असते तर मी काहीतरी बोललो असतो, असे मला पुढे बरेच दिवस वाटत राहिले. त्या वळल्या नाहीत.

जूनमध्ये सुप्रियापुरती फाईल परत आली. वर दोन ओळींचा शेरा होता. सुप्रियाची पाठसंख्या अपूर्ण आहे, पूर्ण करून फेरसादर करावे. सचिवांनी ती माझ्या टेबलावर टाकली. "भाऊसाहेब, दोनच तर आहेत. एप्रिलच्या तारखा टाका आणि पाठवून द्या. मॅडम आता नाहीत." हे बोलणे त्यांना अगदी साधे वाटत होते. रजिस्टर माझे, रकाना मी आखलेला, अक्षर माझे. भरायला एक मिनिट लागले नसते.

मी त्यांना पत्राची ओळ वाचून दाखवली. 'पूर्ण करून' असे लिहिले आहे, म्हणालो, 'भरून' असे नाही. शाळा सुरू झाली आहे. दोन पाठ व्हायला एक दुपार पुरे. सचिव म्हणाले की तुमच्यातही मॅडम शिरल्या काय? मी म्हणालो की असेल. ते म्हणाले की याचा परिणाम तुमच्या नोकरीवर होईल. मला भीती वाटली, नाही असे नाही. पण त्या वर्षी नवा प्रवेश एकही झाला नव्हता. मला काढून टाकायला विद्यालय तरी शिल्लक हवे होते.

सुप्रियाला फोन केला. ती आधी "आता कशाला" म्हणाली, मग वार आणि वेळ विचारली. प्राचार्यांना मी स्वतः रिक्षात घालून कांजूरमार्गला नेले. वाटेत ते दोनदा म्हणाले की सचिवांना विचारायला हवे होते. सुप्रियाने तिसरीवर दोन पाठ घेतले, एक मराठीचा, एक गणिताचा. गणिताच्या पाठाला पंधरा मिनिटे झाल्यावर प्राचार्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि ते ऐकू लागले. सही करताना त्यांनी मला विचारले, तारीख? मी म्हणालो, आजची. रजिस्टरात त्या दिवशी आकडा गेला, वीस.

सुप्रियाचा निकाल बाकीच्यांच्या तीन महिने मागून लागला. त्या पुरवणी यादीत एकच नाव होते. तेवढ्या उशिरामुळे पात्रता परीक्षेची एक खेप हुकली. पुढच्या खेपेला ती पास झाली आणि अजून पोर्टलकडे बघत आहे. नुकसान झाले ते झालेच, मी ते कमी करून सांगणार नाही.

वीस पुरे झाले त्याच दुपारी, शाळेच्या फाटकातूनच मी मॅडमना फोन केला. त्यांना बोरिवलीला एका खासगी शाळेत काम मिळाले होते, पन्नाशीनंतर, तिसरीच्या वर्गावर. मागे प्रचंड गोंगाट होता. मी सांगितले की सुप्रियाचे दोन पाठ झाले, प्राचार्य सरांनी सही केली, फाईल उद्या जाते. त्या काहीतरी चांगले बोलतील अशी माझी अपेक्षा होती.

"तारखा खऱ्या टाकल्यात ना?" त्यांनी विचारले.

"खऱ्या. जूनच्या. आजच्या."

त्यांनी तिकडे कुणाला तरी खाली बसायला सांगितले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तिला चार घेऊ द्यायला हवे होते का, ते मी अजून ठरवतेय. ठरलं की कळवते तुम्हाला. ठेवा आता, वर्ग मोकळा सुटलाय."

आमचे तेच शेवटचे बोलणे. त्यांनी कळवले नाही. त्यांचे ठरले नसावे. माझेही अजून ठरलेले नाही.